उंच भिंतीचे रंगकाम आणि घरातील ज्येष्ठ

नवरात्राचे घट उठतात, पावसात भिजलेल्या भिंती उन्हाने सुकू लागतात आणि गावोगावी घरांच्या रंगकामाला आरंभ होतो. दिवाळीपूर्वी घर उजळावे ही इच्छा मोठी रम्य आहे. परंतु दवाखान्यात बसणाऱ्या माझ्यासारख्या वैद्यकीय व्यावसायिकाला या दिवसांची एक दुसरी बाजूही दिसते. शिडी घसरून मनगट मोडलेले, टाचेवर आपटून पडलेले, चुन्याचा थेंब डोळ्यांत गेलेले रुग्ण याच पंधरा-वीस दिवसांत अधिक येतात. त्यांत रंगारी असतात, तसे घरचे यजमानही असतात. आणि यजमानांपैकी बरेच जण साठी ओलांडलेले असतात.

असाच एक रुग्ण आठवतो. वय ७१, निवृत्त शिक्षक. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही म्हणतो. बाहेरच्या भिंतीचे काम संपत आले होते. सज्जाखालचा हातभर कोपरा तेवढा रंगाऱ्याच्या नजरेतून सुटला होता. रंगारी जेवायला गेलेले, शिडी भिंतीला लावलेली, ब्रश डब्यात भिजत पडलेला. गुरुजी चढले. सात-आठ फुटांवर पोहोचताच शिडीचा पाय फरशीवरून सरकला आणि ते कुशीवर बागेच्या मातीत पडले. दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो म्हणून माझ्याकडे आले. मी खांदा तपासला, क्ष-किरण चित्र काढविले; हाड शाबूत होते. ‘‘डोक्याला लागले का?’’ असे मी विचारले. ‘‘नाही हो डॉक्टर, डोके जागच्या जागी आहे,’’ असे ते हसून म्हणाले. मीही हसलो आणि वेदनाशामक लिहून दिले.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पत्नी आल्या. ‘‘डॉक्टर, हे हल्ली दुपारभर झोपून असतात. चालताना डावा पाय ओढतात. काल नातवाचे नाव आठवेना. वयच झाले आता, दुसरे काय!’’ मी त्याच दिवशी मेंदूचा सीटी स्कॅन करविला. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये उजव्या बाजूस रक्त साचलेले होते. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविल्यापासून गुरुजी रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या घेत होते आणि ही नोंद माझ्याच कागदांत होती. वेळेवर शस्त्रक्रिया झाली, कवटीला छिद्र पाडून साचलेले रक्त काढले, आणि महिन्या-दीड महिन्यात ते पूर्ववत चालू लागले. पण पहिल्याच भेटीत घरच्यांना ‘पुढचे काही आठवडे यांच्याकडे लक्ष ठेवा, अमुक दिसले तर लगेच आणा’ असे मी सांगायला हवे होते. ते राहून गेले. आजचा लेख त्या राहिलेल्या सांगण्यातून लिहिला आहे.

दहा फूट म्हणजे किती?

दहा फुटांची उंची जमिनीवरून पाहणाऱ्यास किरकोळ वाटते. सामान्य घराच्या एका मजल्याची उंची साधारण तेवढीच असते. पण दहा फुटांवरून सुटलेले शरीर पाऊण सेकंदाच्या आसपास जमिनीला टेकते आणि टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. वीस फुटांवरून हाच वेग ताशी ३९ किलोमीटरवर जातो. पाऊण सेकंदात सावरणे कोणालाच साधत नाही. तरुणाचे हाड हा आघात कधीकधी सोसते. ठिसूळ झालेले हाड सोसत नाही. पायांवर पडलेल्याची टाच मोडते आणि तोच धक्का वर चढून कमरेच्या मणक्याचा चुरा करतो. कुशीवर पडलेल्याचा खुबा मोडतो. हात टेकून पडलेल्याचे मनगट जाते.

वयाने शरीरात काय बदलते?

‘‘मी तर आयुष्यभर नारळाच्या झाडावर चढलो’’ असे सांगणारे काका मला दरवर्षी भेटतात. त्यांच्या अनुभवाविषयी मला शंका नाही. परंतु चढणारे शरीर आता ते राहिलेले नाही, हे समजून घेतले पाहिजे.

उंच भिंत रंगविताना मान सतत वर करावी लागते. ज्यांच्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे सूक्ष्म कण जागेवरून सुटलेले असतात, त्यांना मान वर करताक्षणी सारे गरगर फिरू लागते. जमिनीवर अशी चक्कर आली तर माणूस भिंत धरून बसतो. शिडीवर बसायला जागा नसते. दुभिंगी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पाहिले असता पायाखालची पायरी धूसर दिसते. शिडी उतरताना नेमकी हीच पायरी चुकते. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झालेल्या व्यक्तीला तळवा पायरीवर पूर्ण टेकला आहे की नाही, हे कळत नाही. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या, लघवी वाढविणाऱ्या आणि झोपेच्या गोळ्यांनी तोल बिघडू शकतो. यांपैकी काहींमुळे उभे राहताच रक्तदाब एकाएकी उतरतो. त्यात ऑक्टोबरचे ऊन आणि सणाआधीचे उपवास यांची भर पडते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, साठी उलटलेल्या व्यक्तीने बाहेरच्या भिंतीसाठी शिडी चढू नये. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असणाऱ्याने, फिट्स येणाऱ्याने आणि गेल्या वर्षभरात एकदाही तोल जाऊन पडलेल्याने तर कोणत्याही वयात चढू नये. मात्र औषध बंद करून चढण्याचा विचार कोणी स्वप्नातही आणू नये. स्टेंटनंतरची गोळी मनाने थांबविणे हे शिडीहूनही घातक ठरू शकते.

पाय जमिनीवर ठेवूनच

ज्यांना स्वतः काही करावयाचे आहे, त्यांना निराश व्हायचे कारण नाही. लांब दांड्याला रोलर बसवून जमिनीवर उभे राहून एकमजली घराची बरीचशी भिंत रंगविता येते. आत-बाहेर सरकून लांब होणारे दांडे रंगाच्या दुकानांत मिळतात. त्याच दांड्याला ब्रश किंवा घासणी लावून कोपरे साधता येतात आणि रंगापूर्वी भिंतीवरील शेवाळही घासता येते. काम करताना दर काही मिनिटांनी मान सरळ करावी, दांडा छातीच्या उंचीवर धरावा आणि मागे पाऊल टाकण्यापूर्वी मागे काय आहे ते पाहावे. रंगाचा डबा बहुधा तिथेच असतो.

याहून वरचा भाग व्यवसायाने रंगकाम करणाऱ्यांवर सोपवावा. परंतु काम सोपविल्याने आपली जबाबदारी संपत नाही. आपल्या भिंतीवर कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी बाप लटकत असतो. पुढील गोष्टी घरातील ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी खाली उभे राहून पाहाव्यात. त्यासाठी चढावे लागत नाही, नजर मात्र लागते.

शिडी कशी असावी, कशी लावावी?

शिडी भिंतीला फार उभी लावली तर ती माणसासह मागे कलते, फार तिरकी लावली तर तिचा पाय सरकतो. चार फूट उंचीला एक फूट अंतर हे प्रमाण लक्षात ठेवावे. शिडी भिंतीला बारा फुटांवर टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून तीन फुटांवर असावा. ताडून पाहण्याची सोपी रीत अशी : शिडीच्या पायाशी आपल्या पायाची बोटे टेकवून ताठ उभे राहावे आणि हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करावेत. तळवे समोरच्या पायरीवर सहज पोहोचले तर कोन बरोबर आहे.

शिडीचे दोन्ही पाय सपाट, कोरड्या जमिनीवर हवेत. खाली विटा, स्टूल किंवा बाकडे ठेवून उंची वाढवू नये. गुळगुळीत फरशीवर पायांना रबरी टोप्या असाव्यात आणि खाली एका माणसाने शिडी धरून उभे राहावे. शक्य तर शिडीचे वरचे टोक पक्क्या आधाराला बांधावे. गच्चीवर उतरायचे असेल तर शिडी गच्चीच्या कडेच्या वर तीन फूट तरी असावी, म्हणजे पाऊल टाकताना हाताला धरायला काही उरते.

चढताना आणि उतरताना तोंड शिडीकडे असावे आणि दोन हात व दोन पाय यांपैकी तीन अवयव नेहमी शिडीवर टेकलेले असावेत. हातात बादली घेऊन चढल्यास हे साधत नाही; बादली दोरीने वर ओढून आकड्याला अडकवावी. सर्वांत वरच्या तीन पायऱ्यांवर उभे राहू नये. काम करताना बेंबी शिडीच्या दोन दांड्यांच्या मध्येच राहिली पाहिजे. ‘‘एवढ्याशासाठी कुठे शिडी हलवायची’’ म्हणून अंग बाहेर झुकविले की शिडी कुशीवर जाते.

लाकडी किंवा बांबूच्या शिडीवर रंगाचा थर चढविलेला असेल तर त्याखालच्या भेगा दिसत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. काम थांबले की शिडी आडवी करून ठेवण्यास सांगावे. गुरुजींच्या घरी दुपारच्या जेवणाच्या वेळी शिडी आडवी असती, तर पुढचे काही घडले नसते.

परांची आणि झुला

दोन मजल्यांच्या घराला शिडी पुरत नाही. परांची बांधावी लागते. बांबूची परांची आपल्याकडचे कसबी कामगार उत्तम बांधतात, पण बांबू चिरलेले किंवा कीड लागलेले नसावेत आणि गाठी रोज सकाळी तपासल्या जाव्यात. उभे राहण्याची फळी सुटी नसावी, दोन्ही टोकांना बांधलेली असावी. फळीच्या बाहेरच्या बाजूस कमरेच्या उंचीवर आडवा बांबू असावा. परांची ठिकठिकाणी इमारतीला बांधलेली असावी; पाण्याच्या नळाला बांधलेली असल्यास ती बांधली नाही असेच समजावे. चाके असलेली लोखंडी परांची वापरल्यास चाकांना अटकाव लावावा, वर माणूस असताना ती ढकलू नये आणि तिची उंची पायाच्या अरुंद बाजूच्या तिपटीहून अधिक नसावी.

उंच इमारतींवर रंगारी दोरीच्या झुल्यावर बसून काम करतात. तेथे दोन दोर हवेत : एक झुल्याचा आणि दुसरा माणसाचा. माणसाच्या दोराला खांदे, छाती व मांड्या यांना धरणारा पट्टा जोडलेला असावा. नुसता कमरपट्टा पडणाऱ्याच्या पोटाला आणि मणक्याला इजा करतो. दोन्ही दोर वेगवेगळ्या भक्कम आधारांना बांधावेत, खिडकीच्या जाळीला किंवा टाकीच्या नळाला नव्हे. कठड्याच्या कडेवर दोर घासतो तेथे जाड गोणपाट घालावे. पट्ट्यात निश्चल लटकत राहिलेल्या माणसाचे रक्त पायांत साकळून तो बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून त्याला तत्काळ खाली घेण्याची सोय आधीच ठरलेली असावी.

सज्ज्यावर उभे राहून रंगविण्याची पद्धत सर्रास दिसते. सज्जा ऊन-पाऊस अडविण्यासाठी असतो. जुन्या सज्ज्यातील सळ्या गंजलेल्या असतात आणि वरच्या गिलाव्यावरून ते कळत नाही. तीच गोष्ट सिमेंटच्या पत्र्यांची. त्यांवर सरळ पाय दिल्यास पत्रा फुटून माणूस घरात कोसळतो.

विजेच्या तारांविषयी तडजोड नको. शिडी, दांडा, बांबू आणि माणूस हे सर्व तारांपासून दहा फूट तरी दूर राहिले पाहिजे. उच्च दाबाच्या वाहिनीपासून याहूनही दूर. ॲल्युमिनियमची शिडी किंवा धातूचा दांडा तारांच्या जवळपास नेऊ नये. ओला बांबूदेखील वीज वाहून नेतो. तारा भिंतीलगत असतील तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा आणि मगच काम सुरू करावे.

रंगाऱ्याशी दोन शब्द बोलावेत. ‘‘दादा, चक्कर येते का? कधी फिट आली होती का? सकाळी काही खाल्ले का?’’ हे विचारण्यात संकोच नसावा. अंगावर घेतलेले काम लवकर उरकण्याची घाई असते. दिवाळी दोन दिवसांवर आली की ती अधिक वाढते. ती घाई आपण वाढवू नये. दुपारच्या कडक उन्हाच्या वेळी भिंतीवर न चढण्याची मुभा द्यावी, पिण्याचे पाणी जवळ ठेवावे. १८ ते ६० वयाच्या आणि वर्षभरात ९० दिवस अशी कामे केलेल्या कामगाराला राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते, हेही त्याला सांगावे.

घरात असलेल्यांसाठी

रंगकामाच्या दिवसांत भिंतीवर न चढलेले आजी-आजोबाही पडतात. सामान मधोमध आलेले असते, जमिनीवर प्लास्टिकचा कागद पसरलेला असतो, अंगणात बांबू आडवे पडलेले असतात. पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंतची वाट रोज संध्याकाळी मोकळी करावी आणि रात्री तेथे दिवा ठेवावा. परांचीखालून कोणाला जाऊ देऊ नये. दार तिथेच असेल तर दुसऱ्या दाराचा उपयोग करावा.

दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असणाऱ्यांना भिंत घासण्याच्या दिवसांत दूरच्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे ठेवावे. जुन्या रंगात शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचे थर कोरडे घासू नयेत, ओले करून घासावेत आणि नातवंडांना त्या धुळीपासून दूर ठेवावे.

चुना डोळ्यांत गेल्यास एकही क्षण न दवडता नळाच्या स्वच्छ पाण्याने पापण्या उघडून अर्धा तास डोळा धूत राहावे आणि तसेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. गुलाबपाणी, दूध, मध यांपैकी काहीही घालू नये.

कोणी पडलेच तर

पहिली गोष्ट, उचलू नका. उठवून बसविण्याची, पाणी पाजण्याची आणि रिक्षात घालण्याची घाई अनेकदा पडण्याहून अधिक नुकसान करते. मणका दुखावलेला असेल तर त्या ओढाताणीत पाय कायमचे जाऊ शकतात. विजेचा धक्का बसला असेल तर मुख्य बटण बंद केल्याशिवाय स्पर्श करू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. माणूस आहे त्या स्थितीत ठेवा, डोके व मान एका रेषेत हातांनी स्थिर धरा, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. श्वास बंद असेल तर मात्र थांबू नका. ज्याला येत असेल त्याने छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी. टाच मोडलेली दिसत असेल तर डॉक्टरांना पाठीचीही तपासणी करण्याची आठवण द्या.

रुग्ण उठून बसला, बोलू लागला, ‘काही झाले नाही’ म्हणाला, तरी पुढील गोष्टी विसरू नका. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल किंवा लागल्याची शंका असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि औषधांची यादी सोबत न्यावी. पहिल्या २४ तासांत वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, न उठणारी गुंगी, झटके, बोलण्यात अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे यांपैकी काही दिसल्यास पुन्हा तातडीने न्यावे.

वाढत्या वयात मेंदू किंचित आक्रसतो आणि त्याला कवटीच्या आतील आवरणाशी जोडणाऱ्या शिरा ताणल्या जातात. लहानशा धक्क्यानेही त्यांतील एखादी फाटून रक्त थेंबथेंब साचत राहते आणि लक्षणे दोन ते सहा आठवड्यांनी उमटतात. त्यामुळे पडल्यानंतर दीड महिना घरच्यांनी लक्ष ठेवावे. चाल बदलली, एक पाय ओढला जाऊ लागला, झोप वाढली, स्वभाव बदलला, नावे विसरली जाऊ लागली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘तीन आठवड्यांपूर्वी हे शिडीवरून पडले होते’ हे वाक्य सर्वप्रथम सांगावे. आम्ही विचारायला विसरलो तरी सांगावे.

गुरुजी यंदाही घर रंगवून घेत आहेत. परवा त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, डोक्यावर टोपी, हातात काठी. काठीने कोपरा दाखवून रंगाऱ्याला सांगत होते, ‘‘अरे बाळा, तो सज्जाखालचा राहिला बघ. आधी शिडी हलव, मग हात पुढे कर.’’ काकू आतून म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, जेवणाच्या वेळी शिडी मी आडवी करवून घेते.’’

वाचकहो, आपल्याही घरी तेवढे करवून घ्यावे. दिवाळीच्या शुभेच्छा.